कापलेला चौरस

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितली नाही. ती वारली, तेव्हाही ही गोष्ट माझ्या मनातच होती. निवृत्तीच्या समारंभात लोक माझ्याविषयी चांगलं बोलत होते आणि मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना तो नम्रपणा वाटला.

नागपुरातल्या एका शाळेत मी दुसरीला शिकवायचो. केंद्रप्रमुख वर्ग बघायला येणार म्हणून मी जुन्या लग्नपत्रिकांचे आकार कापले आणि फळ्यावर दोऱ्याने टांगले. कोणता आकार दाखवला की कोणी काय म्हणायचं, हे आठवडाभर पाठ करून घेतलं. घाईत एका चौरसाला कोपऱ्यात भोक पाडलं गेलं, त्यामुळे तो टोकावर उभा राहिला. मी त्याला शंकरपाळा म्हणून मोकळा झालो. मुलंही तसंच म्हणू लागली.

साहेबांसमोर एक मुलगी उठली. तिचे वडील भिंती बांधायच्या कामावर जात.

"सर, हा त चौरसच आहे. तुमी वाकडा टांगला."

साहेब हसले. "पोरगी तुम्हाले शिकवून राहिली, गुरुजी."

ते एवढंच म्हणाले. मला मात्र ते फार लागलं. तो आकार घरी नेऊन पट्टी लावली. चारी बाजू सारख्या, चारी कोन काटकोन. ती बरोबर होती.

सकाळी वर्गात तसं सांगायचं, एवढंच माझं काम होतं. त्याऐवजी रात्रीच मी कात्री घेतली. त्याच पत्रिकेच्या दुसऱ्या अर्ध्या भागातून, तसाच लाल गणपती छापलेल्या बाजूचा, एक चेपलेला आकार कापला आणि त्याच दोऱ्याला टांगला. सकाळी तिला पुढे बोलावलं आणि तो काढून दुसऱ्या एका चौरसासोबत तिच्या हातात दिला.

"ठेव चौरसावर. बसते का?"

तो बसला नाही. वर्ग हसला.

ती बराच वेळ पुठ्ठा उलटसुलट करून पाहत होती. "कालचा हा नव्हता, सर."

"म्हणजे मी खोटं बोलून राहिलो का वं?"

ती जागेवर जाऊन बसली. त्यानंतर ती साधा त्रिकोण काढायच्या आधीसुद्धा शेजारणीच्या वहीत बघायची. मला ते रोज दिसायचं. वर्ष संपेपर्यंत दिसत राहिलं.

गेल्या वर्षी गुडघ्यासाठी धंतोलीतल्या एका दवाखान्यात गेलो होतो. रांगेत एका बाईने उठून मला खुर्ची दिली. "सर, ओळखलं नाही का? तुमच्या दुसरीतली." सोबत तिची मुलगी गृहपाठाची वही घेऊन बसली होती. आकारांच्या जोड्या लावायच्या होत्या.

"आई, हे बरोबर आहे?"

"मले नको विचारू वं. लहानपणापासूनच मले यातलं दिसत नाही. सरांले दाखव, सर सांगतील तेच बरोबर."

मी वही पाहिली. सगळं बरोबर होतं, तसं सांगितलं. आई खुश झाली. माझा नंबर लागला. बाहेर आलो तर ती थांबलेली होती. हाताला धरून तिने मला जिन्यावरून उतरवलं, ऑटोत बसवलं, पाया पडली. मी म्हणालो, "सुखी राहा."

म्हणायचं होतं ते दुसरंच. पोरी, पुठ्ठा मी रात्रीतून बदलला होता. तुला बरोबर दिसलं होतं. खोटं मी बोललो. मला माफ कर.