डबल बेल

भिंतीपलीकडच्या आमच्या तात्यांइतका सुखरूप माणूस अख्ख्या बारामती तालुक्यात सापडायचा नाही, कारण कन्हेरीत ते राहतात ते घर नाहीच मुळी, ती थांब्यावर उभी असलेली बस आहे. उभी हयात त्यांनी बारामती–इंदापूर गाडीवर कंडक्टरकी केली. निवृत्त झाले, पण गाडीतून काही उतरले नाहीत. अजूनही पाहुणा उंबऱ्यात रेंगाळला की "दारात गर्दी नको, आत सरका," म्हणतात; पाहुणा एकटाच असला तरी.

घराची बस झाली ती मोरीमुळे. दोन वर्षांपूर्वी तात्या मोरीत घसरले आणि पुण्याची लेक त्यांची बॅग भरायलाच आली. तात्यांनी दोन महिन्यांची मुदत मागितली. "उभा जल्म हलत्या गाडीत काढला, कवा पडलो न्हाय," ते म्हणाले. "गाडीत धरायला दांडी असती. घरात कुठं हाय?"

मग काय, दांड्याच दांड्या! खाटेपासून मोरीपर्यंत, मोरीपासून चुलीपर्यंत. लोणी देवकरचा वेल्डर आठ दिवस इथंच जेवायला होता. त्या चकचकीत दांड्या बघून मी म्हटलं, "तात्या, दवाखाना वाटतोय." झालं, दुसऱ्या दिवशी सगळ्या लालभडक. पायऱ्यांच्या कडा पिवळ्या, मोरीत खरखरीत फरशी, अंघोळीच्या स्टुलाला मरून रेक्झिन. "म्हातारा झालो म्हणून घराला अवकळा कशापायी? दिसायला बी झ्याक पायजे." खिडकीजवळच्या बाकावर त्यांनी 'ज्येष्ठ नागरिक' असं रंगवून घेतलंय आणि तिथं दुसरं कुणी बसलं की खाकरतात.

मुदत संपली तशी लेक तपासणीला आली. मोरीत साबणाचं पाणी ओतून तिनं चालून बघितलं. घसरली नाही. मग म्हणाली, "सगळं खरं, पण पडलात तर कळणार कुणाला?" तात्यांनी घरभर फिरवलेली दोरी दाखवली. तिचं टोक भिंतीतून थेट माझ्या स्वयंपाकघरात, आणि टोकाला पितळी घंटी. भोक पाडताना मला 'उंदरांचा बंदोबस्त' म्हणून सांगितलं होतं! "एक बेल म्हंजे थांबा, धावत या. डबल बेल म्हंजे समदं ठीक, जाऊ द्या." लेकीनं माझ्याकडं बघितलं. "काकू, तुम्ही शेजारी आहात तोवर राहू दे त्यांना." मी मान डोलावली.

तेव्हापासून रोज सकाळी सहाला डबल बेल. मी घड्याळाला गजर लावायचं सोडलं.

परवा मी आठ दिवस सुप्याला भावाकडं गेले. मीही आता एकटीच. भाऊ म्हणाला, "आक्का, हितंच राहा की कायमची." मी होही म्हटलं. तात्यांना सांगायचं कसं, या घोरात परत आले आणि उगीच विषय काढायचा म्हणून विचारलं, "आठ दिवस घंटीला सुट्टीच असेल ना?"

तात्यांना रागच आला. "सुट्टी कशी? रोज सहाला दिली."

"अहो, पण ऐकायला होतं कोण?"

"गाडी रिकामी हाय म्हणून डबल बेल द्यायची न्हाय व्हय?"

दुपारीच भावाला फोन करून नाही म्हटलं. लगोलग माझ्या मोरीतही एक लाल दांडी आली. एक दिवस ती घंटी वाजायची नाही. किंवा वाजेल, आणि ऐकायला मी नसेन. दोघांनाही ते ठाऊक आहे. तोवर सहाची गाडी मात्र चुकवायची नाही.