काकांच्या पानावरचा आकडा

कॉम्प्युटरमधलं मला सगळं कळतं अशी कुसगावात माझी ख्याती होती. ती मीच पसरवली होती. लोणावळ्यातल्या एका शाळेत मी प्रयोगशाळा सहायक. संध्याकाळी घरी आलो की चहा घ्यायचा आणि कॉम्प्युटरपुढे बसायचं, हा माझा शौक. माझ्याकडे वेबसाइट बनवायचं एक फुकट सॉफ्टवेअर होतं, नवशिक्यांसाठीचं. त्यात डोकं चालवायची गरज नव्हती. तयार नमुन्यांमधून एक निवडायचा, चौकटीत फोटो टाकायचा, खाली नाव-पत्ता लिहायचा, की पान तयार. चौकट जरा बाजूला सरकवतो म्हटलं तर मात्र ते ऐकायचं नाही. त्यासाठी विकतची आवृत्ती घ्या म्हणायचं. मी कसली घेतोय.

त्यावर मी पहिलं पान केलं ते काकांसाठी. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. आंदर मावळात त्यांची भातशेती. मूलबाळ नव्हतं. घरात ही दोघं आणि भिंतीपलीकडे काकांच्या धाकट्या भावाचा संसार. काका तरुणपणी तुंगार्लीच्या एका बंगल्यावर रखवालदार होते, त्यामुळे त्यांना शहरी गोष्टींचं कौतुक. इंद्रायणी तांदूळ इंटरनेटवर दिसला पाहिजे असा त्यांचा हट्ट होता. मी शेतमालाचा नमुना निवडला. मधोमध गोल चौकट, तिच्याभोवती झेंडूच्या फुलांची नक्षी, खाली फोन नंबर, त्याखाली अभिप्रायाची जागा आणि तळाशी काळ्या खणांतला एक आकडा, पान किती वेळा उघडलं गेलं ते सांगणारा. गोलात तांदळाच्या राशीचा फोटो झकास बसला. काकांनी पानाचा पत्ता पाठ केला. चहाच्या टपरीवर अनोळखी माणसाचा मोबाइल मागून घेत आणि स्वतः पत्ता टाकून त्याला तांदूळ दाखवत. तांदूळ एक किलोसुद्धा विकला गेला नाही, पण काका खूश होते.

पुढे त्यांना विसर पडायला लागला. आधी लहानसहान, मग माणसांची नावं. आणि एका मंगळवारी सकाळी ते फोन घरात ठेवून बाहेर पडले ते परत आले नाहीत. डोंगर पालथे घातले, धरणाच्या कडेनं शोधलं, पोलिसांत तक्रार दिली, एसटी स्टँडवर कागद चिकटवले. पंधरा दिवस झाले तरी चप्पलसुद्धा मिळाली नाही.

मावशी आमच्याकडे राहायला आली, कारण गावात मोबाइलला रेंज नाही आणि कुणाचा फोन आला तर तो तिला आमच्याकडेच ऐकता येणार होता. ती म्हणाली, त्यांच्या पानावर त्यांचाच फोटो टाक, त्यांना तो पत्ता पाठ आहे. मला ते पटलं. फुकटात एकच पान मिळत होतं. मी तांदूळ काढला, काकांचा फोटो टाकला, खाली लिहिलं की यांना कुठे पाहिल्यास कळवा, आणि माझा नंबर दिला. गोलात फोटो पूर्ण मावेना. टोपी कापली गेली. खाली ओढला तर हनुवटी जात होती. शेवटी टोपी गेली तर गेली म्हणून मी पान तसंच चढवलं आणि शंभर जणांना पाठवलं.

मी काय केलं होतं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. बोडका माणूस, गोल फोटो, भोवती झेंडू. आमच्याकडे चौकाचौकात असले फलक लागतात आणि ते कशाचे असतात हे वाचायला कुणी थांबत नाही. माझं पानही कुणी वाचलं नव्हतं. अभिप्रायाच्या जागेत ओळीनं जमलं होतं: भावपूर्ण श्रद्धांजली. मृतात्म्यास शांती लाभो. कुणी नुसतेच जोडलेले हात. एकेक अभिप्राय पुसायची सोय त्यात नव्हती. नक्षी काढता येत नव्हती. पान मोडलं तर पत्ता कायमचा जाणार होता, आणि काकांना पाठ होता तो तेवढाच. मी खाली आणखी एक ओळ टाकली की हे हयात आहेत. त्यानंतरही श्रद्धांजल्या येत राहिल्या.

मावशीला वाचता येतं. तिनं त्या ओळी एकेक करून वाचल्या. मग तिनं तळाच्या आकड्यावर बोट ठेवून विचारलं हे काय. मी सांगितलं. त्या दिवसापासून तिचा नेम झाला. आंघोळ झाली की माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसायची. मी पान उघडायचो, आकडा कालच्यापेक्षा पुढे गेलेला असायचा. सुरुवातीला वीस-तीसनं, मग पाच-सहानं, आणि दोन महिन्यांनी जग काकांना विसरलं तेव्हा रोज नेमका दोननं. मला त्याची हळूहळू भीती वाटायला लागली. रविवार असो, मुसळधार पाऊस असो, गावचा उरूस असो, आकडा दोननंच वाढायचा. मावशीला मात्र त्याचा आधार होता. बघून गेले, एवढंच म्हणायची आणि स्वयंपाकघरात जायची.

दसऱ्याला माझ्या बायकोनं सवयीनं कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला. मावशी ताडकन उठली, हार ओढून काढला आणि मागच्या दारी टाकून आली. बायकोशी दोन दिवस बोलली नाही. मी मध्ये पडलो नाही, कारण तो हार पडद्यावरच्या काकांच्या बोडक्या डोक्यावर बरोबर बसला होता आणि ते मीही पाहिलं होतं.

वर्ष होत आलं तसा काकांच्या धाकट्या भावाचा निरोप येऊ लागला. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. माणूस कडक, बोलणं तोडून टाकल्यासारखं. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलेलं, आणि घरातल्या माणसाचं असं अर्धवट ठेवून शुभकार्य करता येत नाही असं जाणत्यांचं म्हणणं. माणूस सापडत नसेल तर पळसाच्या पानांचा देह करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला अग्नी देतात. तेवढं उरकून घेऊ, असा भाऊंचा निरोप. मावशीनं साफ नकार दिला. रोज पान बघणाऱ्या माणसाला अग्नी कसा देता, असं तिनं उलट विचारलं.

तेव्हा मी त्या सॉफ्टवेअरची मदतपुस्तिका उघडली. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, पण सगळं कळणाऱ्या माणसाला पुस्तिका लागत नाही. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की फुकट आवृत्तीत मालकानं स्वतः पान उघडलं तरी ते मोजलं जातं. कोण आलं, कुठून आलं, हे कळत नाही. म्हणजे काका आले का हे बघायला आम्ही रोज जात होतो आणि रोज आम्हीच मोजले जात होतो. मी मावशीला ते सांगितलं, आणि आपल्याच गाढवपणाचा राग तिच्यावर काढत जरा जोरातच सांगितलं.

"मग एक आपलं," मावशी म्हणाली. "दुसरं कुणाचं?"

कुणीतरी नातेवाईक असेल, एखादं यंत्र असेल, म्हणून मी वेळ मारून नेली. मावशी विचार करून म्हणाली की मग तीन दिवस आपण बघायचंच नाही. दिव्याखाली पीठ पसरल्यावर कुणी मध्येच दार उघडून बघतं का? दार लावून घ्यायचं आणि वेळ झाली की एकदाच बघायचं. हे बोलली आणि स्वतःच थबकली. माणूस गेलेल्या जागी दिवा ठेवतात, त्याच्याखाली पीठ पसरतात आणि सकाळी त्यावर कसलं पाऊल उमटलंय ते पाहतात. हे जिवंत माणसासाठी कुणी करत नाही. पण तिनं शब्द मागे घेतला नाही. आकडा एकनं वाढला तर ते फक्त आपण, मग भाऊंना हवं ते करू दे, असं तिनं सांगितलं.

ज्यांच्याकडे पत्ता होता त्या सगळ्यांना मी कळवलं की तीन दिवस पान उघडू नका. भाऊंनाही कळवलं. ते बरं म्हणाले. आकडा होता चौदाशे सतरा. मी तो कॅलेंडरवर लिहिला आणि कॉम्प्युटरची वायरच काढून ठेवली.

ते तीन दिवस घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. धुकं इतकं उतरलं होतं की अंगणातली तुळस दिसत नव्हती. बंद पडद्यासमोरून जाताना मावशी डोक्यावरचा पदर सारखा करायची. मला शाळेत बसल्या बसल्या वाटायचं, की आत्ता या क्षणी कुणीतरी कुठल्यातरी टपरीवर, दुसऱ्याच्या मोबाइलवर तो पत्ता टाकतंय. आणि मग त्याला काय दिसतंय? झेंडूत बसवलेला आपला चेहरा आणि खाली पन्नास माणसांनी आपल्याला दिलेला निरोप. ज्याला स्वतःचं नाव धड आठवत नाही, तो ते खरं मानणार नाही कशावरून? हा विचार मी बायकोलासुद्धा सांगितला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मी वायर लावली. मावशी हात जोडून बसली होती. पान उघडलं. चौदाशे बावीस.

"पाच," मावशी म्हणाली, आणि रडली. वर्षभरात ती पहिल्यांदा रडली.

विधी रद्द, हे भाऊंना सांगायला मी त्याच दिवशी गेलो. एसटी जिथे थांबते तिथून तासभर चालावं लागतं. भाऊ बांधावर होते. मी पाचाचा आकडा सांगितला तसे ते चालायला लागले, आणि मी त्यांच्या मागे. पठारावर एक सपाट खडक आहे, गावातली रेंज फक्त तिथे येते. तिथे जाऊन त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि माझ्यापुढे धरला. काकांचं पान होतं.

"गुरं सोडली की रोज हितं येतो," ते म्हणाले. "त्याचा दुसरा फोटो न्हाई आमच्याकडं. तू नगं म्हनलास, तरी राहवलं न्हाई. म्याच हुतो त्यो."

मी विचारलं, तीन दिवस रोज किती वेळा? ते म्हणाले, एकदाच. दुसऱ्यांदा चढायला गुडघे साथ देत नाहीत. मग खाली बघत म्हणाले की हे वहिनीला तूच सांग, मला सांगवणार नाही. रोज वाटतं की आज खाली काहीतरी लिहून आलेलं असेल, आणि रोज नसतं. हे कुठंतरी थांबायला पाहिजे, म्हणून मी विधी मागतोय.

या कडक माणसाला मी वर्षभर मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. मला फार लाज वाटली. उतार उतरताना ओढ्यापाशी मी थांबलो आणि बोटांवर मोजलं. भाऊंचे तीन. आजचं आमचं एक. चार. मी पुन्हा मोजलं. आज भाऊ वर चढले ते माझ्याबरोबरच, आकडा बघून झाल्यानंतर, त्यामुळे त्यांचं आजचं यात धरायचं नव्हतं. चारच होत होते. आकडा पाचनं वाढला होता. त्या ओढ्याकाठी भर दुपारी मला कुणीतरी मागे उभं असल्यासारखं वाटलं आणि मी वळून पाहिलं.

घरी येऊन मी मावशीला भाऊंचं सांगितलं. बेरीज सांगितली नाही. एखादं यंत्र असेल, कुणाचं बोट चुकून लागलं असेल, मी स्वतःला दहा कारणं दिली. खरं कारण हे, की मी थकलो होतो. मावशीनं हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "बरं. भावजींना म्हणावं, करा."

नदीकाठी विधी झाला. पळसाची पानं ओली होती, पेटायला वेळ लागला. भाऊ धाय मोकलून रडले. मावशी दूर उभी होती आणि कपाळ पुसायला पुढे आलेल्या बायकांना तिनं स्वतःच हातानं थांबवलं, मग स्वतःच्या पदरानं पुसलं. नारळ फुटल्याचा आवाज आला तेव्हा मी डोळे मिटून घेतले. आपण जिवंत माणूस जाळतो आहोत, हे त्या जमावात एकट्या मलाच वाटत होतं असा माझा समज होता.

लग्न पार पडलं. मावशी गावी परतली. भात झोडून झाल्यावर मी तिला भेटायला गेलो तेव्हा ती अंगणात तांदूळ मापत होती. आयुष्यभर पायलीनं धान्य मोजलेली बाई. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "पाच हुतं. भावजींचं तीन, आपलं एक."

तिला तेव्हाच कळलं होतं का, एवढं मी कसंबसं विचारलं.

"त्याच दिशी," ती म्हणाली. "तू गप ऱ्हायलास, मी बी ऱ्हायले. फोटूखाली तुझा नंबर हुता की. ज्येनं बघितलं आनि फोन केला न्हाई, त्येच्यासाठी मी अजून किती दिस कुंकू लावायचं हुतं?"

माप भरलं होतं. तिनं ते हातानं सपाट केलं आणि पोत्यात ओतलं.