तेल ठेवा, माणूस न्या

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती आणि मास्तरीण कोटाची बाही जोडत होती. माप देताना पोट आत ओढणाऱ्याला ती सरळ सांगे, "श्वास सोडा, कोट रोज घालायचाय." त्यावरून गल्लीने 'मास्तरीण' हे नाव दिलेलं.

अकराव्या वर्षी जडलेल्या टाइप वन मधुमेहाने पस्तीस वर्षांत तिच्या तळव्यांची जाणीव नेली होती. डोळ्यांवर लेसर झाला होता. पायमशीनचा वेग पायांना कळत नसे. ती तो आवाजावरून ओळखायची. मशीन तिचं होतं, शिवणकामाची खोली मात्र थोरल्या नणंदेची.

मागच्या वर्षी नणंदेच्या सांगण्यावरून तिने मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवले होते. पाणी किती गरम आहे, हे पायांनी सांगितलंच नाही. संध्याकाळी मोज्याबरोबर कातडी निघाली. जखम भरेपर्यंत मशीनवर चादर पडून होती. तेव्हापासून पाण्यात आधी नवऱ्याचं कोपर जाई, बाळाच्या आंघोळीला बघावं तसं. पायांना तेल लावायला डॉक्टरांची हरकत नव्हती: हलका हात, बोटांच्या बेचक्यांत तेल नको, आणि इन्सुलिन चालूच. दर रविवारी तेल लावायला नणंदच येई. अपराधी वाटत असणार, पण तसं ती मेली तरी म्हणाली नसती.

"तेलाने बरं वाटतं, आजार बरा होत नाही," मास्तरीण सांगे. "झोप लागते, तेवढं पुरे."

त्या सकाळी बाही जोडून होते तोच नणंद रविवारच्या तेलाची बाटली आणि सोबत एका काढेवाल्याला घेऊन आली. त्याने मास्तरणीची जीभ पाहिली, नाडी पाहिली आणि लहानपणी गोड फार खाल्लं असेल, असं निदान केलं. काढा लागू पडायला इंजेक्शन पंधरा दिवस बंद हवं, असंही सांगितलं.

"पंधरा दिवस कशाला," मास्तरीण म्हणाली. "माझ्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही. दोन-चार दिवसांत मी अतिदक्षता विभागात असेन. काढा तिथे आणून देणार का?"

काढेवाला श्रद्धेबद्दल बोलू लागला. नणंदेचा आवाज चढला. एवढा मोठा माणूस दारात आणला, त्याची ही किंमत? ऐकायचं नसेल तर खोली रिकामी करावी.

"खोली तुमची आहे, वन्सं. मशीन माझं आहे, आणि पायही माझेच. तेलाची बाटली ठेवा, माणूस परत न्या."

नणंद बाटली घेऊनच गेली.

मास्तरणीने नवऱ्याला आणि समोरच्या फळवाल्याला हाक मारली. दुपारपर्यंत मशीन तिच्या घरी, स्वयंपाकघरात खिडकीपाशी आलं. भांड्यांचं कपाट अर्धं दाराआड गेलं. नवरा म्हणाला, आता पोळीत दोरा निघणार. ती म्हणाली, मग बटण लावून वाढीन. जागा बदलल्यामुळे आवाज वेगळा येत होता, म्हणून तिने आधी एका चिंधीवर चार टिपा मारून कान लावून पाहिला. मग दुसरी बाही घेतली.

संध्याकाळी नणंदेचा भावाला फोन आला. वहिनीशी बोलायचं नव्हतं, निरोप द्यायचा होता: उद्या रविवार आहे, ती संध्याकाळी पाचला येणार, एकटीच. आणि पाण्यात कोपर आता ती स्वतः घालून बघणार.

मास्तरीण मान वर न करता "बरं" म्हणाली.

उद्या सकाळी सहाला आधी आरशात तळवे तपासणं, मग साखर बघून इंजेक्शन, मग चहा. कोट गिऱ्हाईक अकराला न्यायला येणार आहे. बटणं तेवढी राहिलीत.