उद्धवकाकांनी मला कुंती केलं

उद्धवकाका माणसाशी बोलायच्या आधी त्याचं माप घेत. मारेगावच्या बाजारात त्यांचं शिलाईचं दुकान होतं, आणि दर नवरात्रात दुर्गादेवीच्या मांडवात त्यांचं नाटक. नट निवडायची पद्धत एकच. खांद्यांवर टेप टाकायचा, आकडा बघायचा आणि निकाल द्यायचा. "अठरा! भीम." "साडेचौदा. तू नकुल, अन् जास्त बोलू नको." एका जाडजूड ग्रामसेवकाला त्यांनी असंच माप घेऊन द्रौपदीची भूमिका नाकारली, तो बिचारा आठवडाभर तोंड पाडून फिरत होता.

मी तेव्हा पंचविशीत. खांदे सोळा, आवाज खणखणीत, आणि त्या वर्षी नाटक कर्णाचं. मी छाती काढून उभा राहिलो. काकांनी माप घेतलं आणि म्हणाले, "तू कुंती."

मिशी हा माझा एकमेव दागिना होता. मी उसळलो. "काका, मले कर्णच पाह्यजे. माही तं कहाणीच कर्णाची हाय!"

"म्हून तं नाही देत," काका सुईत दोरा ओवत म्हणाले. "कर्ण तू घरी रोजच करून राह्यला. तोही बिनातिकिटाचा."

दुकानातले सगळे हसले, कारण गोष्ट गावाला ठाऊक होती. मी दोन वर्षांचा असताना जन्मदात्या आईनं मला तिच्या थोरल्या, मूलबाळ नसलेल्या बहिणीला दिलं. जिनं वाढवलं ती माझी आई. जिनं जन्म दिला ती वणीची मावशी. दहावीत हे कळलं आणि मी वणीला जाणंच बंद केलं. आता दिवाळीनंतर माझं लग्न होतं, आणि मी घरात जाहीर केलं होतं की वणीला पत्रिका जाणार नाही. आई त्यावर काही बोलली नव्हती.

मिशी गेली. दुकानातच तालीम सुरू झाली. युद्धाआधी कुंती कर्णाकडे येते, तू माझाच पहिला मुलगा, भावांकडे चल, म्हणते. कर्ण म्हणतो, मला राधेनं वाढवलं, दुर्योधनानं मान दिला, त्यांना सोडून मी येणार नाही. आमचा कर्ण म्हणजे एसटीतला कंडक्टर बंडू. तो हे असं म्हणायचा, जणू पुढची सीट रिकामी आहे. आणि मी? मी कुंतीची ओळन् ओळ दातओठ खाऊन म्हणायचो. बाई खोटी आहे हे लोकांना कळायलाच हवं!

काकांनी मशीन थांबवली. "अबे, ते भांडाले आली काय? कोण्या तोंडानं आली असन, ते पाह्य ना! पोरगं टाकलं हे तिले आठवून देयाले तू कायले पाह्यजे? तिले तं रोज आठवते."

"मंग टाकाव कायले?" मी ओरडलो. मी कुंतीबद्दलच ओरडतोय, असं मला वाटत होतं.

"ते मले काहून इचारतं? तिच्या लुगड्यात तू हायस."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंच असताना त्यांनी विचारलं, "वरमाईचं ब्लाऊज शिवाचं हाय. एक का दोन?" गावातल्या प्रत्येक नवरदेवाच्या आईचं ब्लाऊज काकांच्याच हातचं असे. तेव्हा कुठे मी खरं बोललो. "काका, तिले बोलावलं तं आईले काय वाटन? जिनं जन्मभर केलं, तिच्या हळदीत मी वाटेकरी आणू?"

"आईले इचारलं?"

"नाही."

"कर्णानंबी राधेले नाही इचारलं. तिच्या नावानं परस्पर नाही म्हणून मोकळा झाला."

नाटकाच्या संध्याकाळी मांडव गच्च भरला होता. "एकदाच आई म्हण, मग मी जाते," मी म्हणालो, आणि आवाज माझा राहिलाच नाही. बंडू पुढचं सगळं विसरला आणि त्यानं सरळ माझे पाय धरले. आता कर्ण पांडवांना मिळतो की काय, म्हणून बायकांत खळबळ! पडद्याआडून काकांचा आवाज आला, "सोड बे तिले, युद्ध होयाचं हाय!"

सकाळी मी आईला विचारलं. ती तुरीची डाळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "तिनं मले पोरगा देल्ला. मी तिले हळद देऊ नाही काय? तूच आयकत नव्हता, म्हून मी गप होती."

दुपारी मी दुकानात जाऊन म्हणालो, "दोन." काकांनी दोन्ही ब्लाऊजं कापडाच्या एकाच ठाणातून कापली.

काका मागच्या वर्षी गेले. तोवर मी त्यांच्या नाटकांत धृतराष्ट्र झालो, शकुनी झालो, एकदा तर घोडाही झालो. कर्ण त्यांनी मला शेवटपर्यंत दिला नाही. हे उपकार फेडायचे कसे, ते मला अजून कळलेलं नाही. माझ्या हळदीचा दिवस मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी पाटावर बसलो होतो. शेजारी आई हळदीची वाटी घेऊन. वणीची मावशी पार मांडवाच्या कडेला, नवं ब्लाऊज घालून, पाहुण्यांना पाणी देत होती. बँड जोरात होता. मी त्याच्याही वर आवाज काढला, "आई!"

आई सवयीनं "काय रे?" म्हणाली. मग तिनं माझी नजर कुठे आहे ते पाहिलं. उठली, मांडव ओलांडून गेली आणि बहिणीच्या हातातला तांब्या काढून तिथे वाटी ठेवली. "अवं, तुले बोलावून राह्यला तो."

मावशी जागची हलेना. बायका वळून बघू लागल्या. बँडही थांबला. आणि मागून काका ओरडले, "अबे, पाहून काय राह्यले? वाजवा!"