भाच्याचं बारसं आणि वायफायचा ड्रायव्हर

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. नाही, बिस्किटं नंतर घ्या, आधी कबूल करा! आमच्या घरात हा विषय निघाला की मी सरळ उठून स्वयंपाकघरात जाते. पण तुम्ही दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावलेलं ऐकण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐकलेलं बरं.

तर झालं असं. माझा धाकटा भाऊ संदीप जर्मनीत नोकरीला आहे. त्याला मुलगा झाला, म्हणजे मी आत्या झाले! आता आत्याचा मान काय असतो हे तुम्हाला सांगायला नको. बारशाला बाळाच्या कानाशी तोंड नेऊन 'कुर्रर्र' करायचं आणि नाव सांगायचं, ते तिनंच. आईनं नाही, बापानं नाही, आजीनं तर नाहीच नाही. संदीप चड्डीत फिरायचा तेव्हापासून मी त्याला बजावून ठेवलं होतं, की तुझ्या पोराचं नाव मीच सांगणार.

पण वाशीमहून जर्मनीला जाणार कशी? मी आपली रोज एसटीनं किन्हीराजा गावी शाळेत शिकवायला जाणारी बाई. तेव्हा ठरलं की व्हिडिओ कॉलवर कुर्रर्र करायचं. नावही ठरलं, अन्वय. संदीपच्या बायकोनं, श्रुतीनं, मला दहादा म्हणून दाखवायला लावलं.

इथपर्यंत सगळं छान होतं. मग श्रुतीच्या आईंचा फोन आला. त्या पुण्याच्या, लेकीच्या बाळंतपणासाठी तिकडे गेलेल्या. बोलायला अगदी साखर.

"अहो ताई, तुमच्याकडे नेटचं काही खरं नसतं ना, म्हणून म्हटलं. नाहीच जमलं तर काळजी करू नका. इथे शेजारी एक गोड मराठी मुलगी राहते. तिला आत्या म्हणून उभी करू!"

उभी करू! अहो, आत्या आहे का ग्रामपंचायतीचा उमेदवार? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बारशाला मी दिसणार म्हणजे दिसणारच, आणि चांगली ऐसपैस दिसणार, असं मी तिथल्या तिथे ठरवलं. आता हे शांतपणे मोबाईलवर करता आलं असतं का? आलं असतं. आमच्या ह्यांनीही तेच सुचवलं.

"अवं, मोबाईलवर कर ना. कायले येवढा खटाटोप?"

"मोबाईलवर काय दिसते? बोटायेवढं लेकरू! मी साऱ्या गल्लीले बोलावलं हाय."

"गल्लीले कायले?"

"बारसं हाय ना घरी!"

"बारसं जर्मनीत हाय," हे म्हणाले आणि पेपर उघडून बसले. आमच्या ह्यांचा स्वभाव असा आहे. घराला आग लागली तरी आधी बातमी पूर्ण वाचतील.

आमच्याकडे एक जुना कॉम्प्युटर आहे. आमची गौरी शाळेत असताना घेतलेला. तिच्या ऑनलाइन वर्गांच्या काळात त्याच्या डोक्यावर कॅमेराही बसवला होता. पुढे गौरी अमरावतीला शिकायला गेली, आणि त्याच्यावर माझ्या जुन्या पातळाचं कापड आलं. गेल्या वर्षी त्यात विंडोज नव्यानं टाकून आणलं होतं. त्यानंतर त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

बारशाच्या दिवशी, रविवारी सकाळी मी कापड काढलं, धूळ पुसली, बटण दाबलं. चालू झाला! पण कोपऱ्यात वायफायच्या त्या वाकड्या रेघा असतात ना, हातपंख्यासारख्या, त्या काही दिसेनात. तिथे एक फुली. मी गौरीला फोन लावला. माझा मोबाईल चार्जिंगला होता, म्हणून ह्यांच्या फोनवरून.

"आई, विंडोज नवीन टाकलं ना, तर त्यात वायफायचा ड्रायव्हर राह्यला असन. तो टाकल्याबिगर कॉम्प्युटरले वायफाय दिसतच नाही."

"मग टाकते ना! कुठी भेटते तो?"

"नेटवर."

"नेट येण्यासाठी ड्रायव्हर पाह्यजे, आन् ड्रायव्हरसाठी नेट पाह्यजे?"

"म्हणून सांगते ना, आई. तुझा मोबाईल केबलनं कॉम्प्युटरले जोड. मोबाईलच्या सेटिंगमधून त्याचं नेट कॉम्प्युटरले दे. मग झालं! ड्रायव्हरचं सावकाश..."

"समजलं, समजलं!" म्हणत मी फोन ठेवला. का माहीत आहे का? कारण आमच्या हॉलमध्ये माझं एमएससीआयटीचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेलं आहे. ज्या बाईचं सर्टिफिकेट भिंतीवर असतं, ती लेकीचं वाक्य पूर्ण ऐकत नाही.

मोबाईल जोडला. नेट दिलं. फुली गेली आणि तिथे एक छोटासा चौकोन आला. पण पंख्याच्या रेघा? त्या नाहीतच! माझ्या लेखी इंटरनेट म्हणजे रेघा. रेघा नाहीत म्हणजे नेट नाही. मी मनाशी म्हटलं, चला, आता ड्रायव्हर उतरवू. आणि बसले शोधायला.

तुम्ही कधी जुन्या मशीनचा ड्रायव्हर शोधला आहे का? शोधू नका. एकेका पानावर 'डाउनलोड'ची इतकी हिरवी बटणं असतात, की खरं कुठलं ते त्या पानाच्या मालकालाही सांगता येणार नाही. मी सगळ्यांत मोठं दाबलं. लगेच एक बाई इंग्रजीत ओरडायला लागली, की तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे. मी घाबरून आवाज बंद करायला गेले, स्पीकरचं बटण सापडेना, म्हणून गौरीचे जुने हेडफोन खुपसले आणि ते टेबलावर टाकून दिले. बाई गप्प झाली. हे हेडफोन मात्र लक्षात ठेवा.

दुसऱ्या वेळी पूर्ण ड्रायव्हर उतरला, बसला, मशीन बंद होऊन पुन्हा चालू झाली. तेवढ्या वेळात माझी तुरीची डाळ शिजून झाली. पाहते तर तो ड्रायव्हर प्रिंटरचा! आमच्याकडे प्रिंटरच नाही. पण आता कधी आणलाच, तर आमची तयारी आहे.

"आतल्या वायफायच्या पट्टीवर कंपनीचं नाव असते," पेपरच्या मागून आवाज आला.

"तुमाले काय समजते त्यातलं?"

हे पेपर ठेवून उठले, स्क्रू काढले, टॉर्च धरून आत वाकले, पालीच्या अंड्याची टरफलं बाजूला केली आणि पट्टीवरचं नाव व नंबर मला वाचून दाखवला. मग हात धुऊन पुन्हा पेपर घेतला.

एव्हाना दुपार झाली आणि गल्ली यायला लागली. शेजारच्या शांताकाकू घुगऱ्यांचं पातेलं घेऊन आल्या. पलीकडच्या किराणा दुकानाच्या सरलाभाभींनी बत्तासे आणले. सतरंजीवर बायका, समोर काळतोंड्या कॉम्प्युटर, आणि त्याच्या पुढ्यात घामाघूम मी.

"काय झालं वं, म्याडम? बिमार हाय का ते?" शांताकाकूंनी विचारलं.

"नेट दिसून नाही राह्यलं, काकू."

"मंग येक थापड मारून पाह्य ना. आमचा टीव्ही तसाच चालू होते."

"मॅडम, बंद करून चालू करा ना," सरलाभाभी म्हणाल्या. "दुकानातला काटा आम्ही तसाच सुधारतो."

मुहूर्त जवळ आला तशी मी दर मिनिटाला घड्याळ पाहायला लागले. डोळ्यासमोर ती शेजारची गोड मराठी मुलगी, पाळण्यावर वाकलेली! रडू येईल असं वाटलं, खोटं कशाला बोलू? इतक्या वर्षांत भावाच्या घरच्या एकाही कार्याला मला जाता आलं नव्हतं. एक नाव सांगायचं होतं, तेही एका यंत्रापायी हातचं जाणार!

शेवटचा उपाय म्हणून मी संदीपनं पाठवलेली लिंक दाबून पाहिली. पडद्यावर इंग्रजीत आलं, 'थांबा, यजमान तुम्हाला आत घेतील.' मी म्हटलं, घरात नेटच नाही तर यजमान कुठून आत घेतात? ती खिडकी खाली ढकलली आणि पट्टीवरच्या नावाचा ड्रायव्हर शोधायला लागले. या वेळी तो सापडला. अगदी नंबरासकट! उतरायला लागला. बायकांनी पाळण्याची गाणी सुरू केली. सगळं लक्ष माझं, किती उतरला ते दाखवणाऱ्या पडद्यावरच्या सरकत्या पट्टीकडे.

"मॅडम, कॅमेऱ्यावर हिरवा दिवा लागला पाहा," सरलाभाभी म्हणाल्या.

"लागू द्या, भाभी."

पट्टी निम्मी झाली. माझं नाक पडद्याला टेकायचं बाकी होतं. पट्टी भरत आली. बायका गायच्या थांबल्या. शांताकाकू माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. आणि कोपऱ्यात टुणकन त्या वाकड्या रेघा उमटल्या!

मी दोन्ही हात वर करून किंचाळले, "आला का रे टोणग्या येकदाचा! सकाळपासून सतावून राह्यला मले! आता कुठी गेला ना, तर पाठच सोलते तुही!"

शांताकाकूंनी आनंदाच्या भरात माझ्या पाठीत सणसणीत धपाटा घातला.

मी विजयी वीरासारखी मोबाईलची केबल उपटली. आता करू म्हटलं सावकाश कॉल. इतक्यात ह्यांचा फोन वाजला. संदीप. आवाज असा घुसमटलेला, की मला वाटलं रडतोय.

"संदीप, रडू नको रे! आलं वायफाय, दोन मिनिटात येते मी. त्या पोरीले उभी नको करू!"

"ताई, झालं ना."

"काय झालं?"

"नाव झालं. तूच ठेवलं."

"मी? कवा?"

"आता! तू टीव्हीवर येवढी मोठी दिसून राह्यली होती. आमी केव्हाचे हॅलो हॅलो करून राह्यलो, तर तू नुसती डोळे वटारून पाहे. श्रुतीच्या आई म्हणाल्या, ताई स्तोत्र म्हणतायत, मधी बोलू नका. मंग मुहूर्त झाला, बाळाच्या कानाशी स्पीकर नेला, सारे एकदम चूप बसले..."

"आन्?"

"आन् तू म्हनलं, आला का रे टोणग्या."

मी मटकन सतरंजीवर बसले. तो रडत नव्हता हो. हसून हसून त्याचा घसा बसला होता!

"पण मी दिसली कशी?" फोन ठेवून मी ह्यांना विचारलं. "नेट तर आत्ता आलं!"

ह्यांनी पेपरची घडी घातली. "अवं, नेट नसतं तर येवढे ड्रायव्हर तू कुठून उतरवले? मोबाईल लावला तवाच आलतं ते."

"तुमाले माहीत होतं?"

"हो."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तू म्हनली ना, तुमाले काय समजते."

बोला! म्हणजे सकाळपासून मी नेटवर बसून, नेट यावं म्हणून, नेटवरून ड्रायव्हर उतरवत होते. आणि जर्मनीतली माणसं टेबलावरच्या हेडफोनमध्ये माझ्या नावानं हाका मारत होती. बायकांना सगळं समजलं तेव्हा घुगऱ्यांचं पातेलं सांडता सांडता वाचलं.

मी लगेच पुन्हा कॉल लावला. म्हटलं, थांबा, मी परत कुर्रर्र करते, अन्वय सांगते. तर श्रुतीच्या आई हात जोडून पुढे आल्या. "नको हो, ताई! आत्यानं एकदा कानात सांगितलं ते सांगितलं. त्यावर दुसरं नाव सांगायचं नसतं. आणि धपाटासुद्धा बसला ना तुम्हाला, आम्ही पाहिला!"

खरंच की. आत्या कुर्रर्र करते तेव्हा बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, तीच तर रीत आहे! शांताकाकूंनी न सांगता विधी पूर्ण केला होता. त्या दिवशी श्रुतीच्या आईंबद्दलची माझ्या मनातली अढी कायमची गेली. मला हसू आलं, आणि मग थोडं रडूही आलं.

कागदोपत्री पोराचं नाव अन्वय आहे. घरात सगळे टोण्या म्हणतात. आता तो बोलायला लागलाय आणि फार गोड बोलतो. आजीला आजी म्हणतो, मामाला मामा म्हणतो, आमच्या ह्यांनासुद्धा आपोआप 'काका' म्हणायला लागला. श्रुती त्याला माझ्यासाठी 'आत्या' हा शब्द महिनोन्महिने शिकवते आहे. पण मी पडद्यावर आले रे आले, की तो दोन्ही हात वर करतो आणि किंचाळतो, "आली का गं टोणगी!"