आठातल्या चार तारा

त्याला सगळे मास्तर म्हणत, पण शाळेशी त्याचा संबंध सातवीतच सुटला होता. हे मास्तरपण वायरींमधलं. भिंतीच्या आडून इंटरनेटची वायर फिरवायची, टोकाला प्लग दाबून बसवायचा, आणि "माझी वायर आहे, नातवंडांना पुरेल" असं बजावून बाहेर पडायचं, हा त्याचा पंचवीस वर्षांचा धंदा. हात चांगला होता, हे त्याच्यावर खार खाणारेही कबूल करत. जिभेचं तेवढं कुणी कौतुक करत नसे.

थोरल्या बहिणीच्या घरातली वायर त्यानेच टाकलेली, अकरा वर्षांपूर्वी. त्या घरात आता भाची बाळंतपणानंतर राहत होती आणि वरच्या खोलीत बसून माहितीपट जोडण्याचं काम करत होती. ऑफिसकडून चित्रीकरणाच्या भल्यामोठ्या फाइली यायच्या, त्या कापून, जोडून संध्याकाळी परत पाठवायच्या. पण नुसत्या उतरवून घेण्यातच दुपार उलटायची. ऑफिसने स्पष्ट सांगून टाकलं होतं, दोन आठवडे बघू, घरून जमत नसेल तर दुसरं कुणी शोधू. ऑफिस दुसऱ्या शहरात आणि बाळ तीन महिन्यांचं.

म्हणून दाजींनी, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याने, घरभर वाय-फाय पोचवणाऱ्या मेशचा संच आणला. एक डबा खाली दाराजवळ, दुसरा वर भाचीच्या टेबलावर, आणि दोघांना जोडणारी मास्तरची जुनी वायर. खालच्या डब्यापाशी वेग झकास, वर मात्र जेमतेम पाचवा हिस्सा. अर्थातच मास्तरला बोलावणं गेलं.

दाजींनी सगळा जन्म ग्रंथालयात काढलेला. औषधाच्या खोक्यातली चिठ्ठीसुद्धा ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. मास्तर आल्या आल्या ते डब्याबरोबर आलेली पुस्तिका घेऊन पुढे झाले.

"मास्तर, वायर लावतो तिथला दिवा पिवळा लागतोय. यात लिहिलंय, पूर्ण वेग असला की हिरवा लागतो. पिवळा लागला तर वायर तपासा म्हणतात."

मास्तरने पुस्तिकेकडे बघितलंही नाही. "दाजी, दिवा लागतोय ना? मग झालं! पुस्तकं वाचून वायरमन होता आलं असतं तर आम्ही कशाला बोटं सोलून घेतली असती? वायर माझी आहे. डबे भिकार आणलेत तुम्ही."

बहीण हसली. भाचीही हसली, बाळ मांडीवर घेऊन. दाजींनी पुस्तिका घडी करून खिशात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी दुखरा गुडघा घेऊन, दोन बस बदलून, संच दुकानात परत केला. दुसरा आणला. त्याचाही दिवा पिवळाच. आता बहिणीने त्यांना फैलावर घेतलं. "आणण्याआधी माझ्या भावाला विचारलं असतं तर जीभ झडली असती का?"

मास्तर दुसऱ्यांदा आला तेव्हा मुदतीचे दोनच दिवस उरले होते. भाची हसत नव्हती. "मामा, आज काहीतरी कर रे," एवढंच म्हणाली आणि बाळाला घेऊन खाली गेली. तिचा उतरलेला चेहरा बघून मास्तरने पिशवीतून टेस्टर काढला. वायरीतल्या आठ तारांसाठी आठ बारके दिवे असलेलं हे यंत्र तो दुसऱ्यांच्या कामाला डोळे मिटून लावायचा. स्वतःच्या वायरीला ते लावणं म्हणजे सख्ख्या आईकडे ओळखपत्र मागणं, असं त्याचं मत होतं.

चार दिवे लागले. चार लागलेच नाहीत.

त्याने भिंतीवरची पेटी उघडली. निळी जोडी आणि तपकिरी जोडी प्लगात नव्हतीच. बाजूला वळवून, निळी चिकटपट्टी तीन वेढे गुंडाळून, ती वर टांगलेल्या बेलच्या घंटेकडे नेलेली. असे मोजून तीन वेढे आख्ख्या गावात एकच माणूस द्यायचा.

त्याला सगळं आठवलं. तेव्हा या खोलीत बहिणीचं शिवणयंत्र होतं आणि मशीनच्या आवाजात तिला दारावरची बेल ऐकू यायची नाही. बेलसाठी वेगळी वायर ओढायची तर दिवस मोडला असता, आणि त्याला दुसरं काम गाठायचं होतं. म्हणून आठातल्या चार तारा त्याने बेलला दिल्या. तेव्हाच्या इंटरनेटला चार पुष्कळ होत्या. वर "एका वायरीत दोन कामं!" म्हणून स्वतःच स्वतःची पाठ थोपटली होती आणि घरादाराला ती अक्कल ऐकवली होती. आज पूर्ण वेगाला आठही तारा लागतात, हे तो धंद्यातल्या प्रत्येकाला सांगत हिंडायचा. खोलीत कुणी नव्हतं, तरी त्याने उघडी पेटी हाताने झाकून धरली.

मग मुकाट्याने घंटेच्या तारा सोडवल्या. दोन्ही टोकांना आठही तारा क्रमाने लावून नवे प्लग दाबले. दिवा हिरवा झाला. भाचीने वर येऊन फाइल लावली आणि ती चहा होईपर्यंत उतरलीसुद्धा.

"मामा! सुटले मी!" ती ओरडली. बहीण जिन्यातूनच म्हणाली, "शेवटी माझाच भाऊ लागला ना! काय झालं होतं रे?"

आता बोलायचं होतं. मास्तरने तोंड उघडलं आणि त्यातून भलतंच बाहेर पडलं. "टोकं जुनी झाली होती जरा. आणि ते पहिले डबे तर भिकारच होते."

बहिणीने दाजींकडे बघितलं. दाजी मान हलवून म्हणाले, "चुकलंच माझं. मास्तर पहिल्याच दिवशी सांगत होते. माझ्यापायी पोरीचे इतके दिवस गेले."

मास्तरला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. चहा कसाबसा ढोसून, पिशवी उचलून तो बाहेर पडला. दार मागे लागलं. पायरीवर उभा राहिला, तर समोर बेलचं बटण. त्याने अंगठ्याने ते दाबलं. आत काहीच वाजलं नाही. उद्या कुणी विचारलं असतं, तर बेल जुनी झाली म्हणून सांगता आलं असतं. तेही त्याने मनात जुळवून ठेवलंच होतं, आणि त्याचीच त्याला जास्त लाज वाटली.

त्याने दार ठोठावलं. दाजींनी उघडलं.

"काही विसरलात का? बेल वाजली नाही का?"

"नाही वाजणार, दाजी. तिच्या तारा मी आत्ताच काढल्या. अकरा वर्षांपूर्वी मीच त्या इंटरनेटच्या वायरीतून चोरून तिला दिल्या होत्या. डबे चांगले होते. पहिलेही चांगले होते."

दाजींचा हात खिशापाशी गेला. "म्हणजे तो दिवा..."

"पिवळा होता तो माझ्या वायरीमुळे. तुमचं बरोबर होतं."

दाजी रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं त्याच्या बुटांकडे बघितलं.

"हे मला एकट्याला सांगून काय उपयोग, मास्तर?" ते म्हणाले. "माझं हसं केलंत ते सगळ्यांसमोर."

आणि त्यांनी दार पुरतं उघडलं. मास्तर वाकून बूट काढू लागला. नाडीची गाठ सुटता सुटेना.

"कोण आलंय हो?" आतून बहिणीने विचारलं.

दाजी मास्तर उभा राहीपर्यंत थांबले.

"मीच आहे, ताई," मास्तर म्हणाला.