दोन बोटांची भिंत

सकाळी साडेसातला गवंड्याचा दिवस सुरू व्हायचा. थापी आणि ओळंबा पिशवीत टाकून तो निघाला की कोपऱ्यावर त्याला लेक भेटायची, इस्पितळातली रात्रपाळी संपवून येणारी. बापलेकीची गाठ तेवढीच. तो कामाला, ती झोपायला.

पण झोपायचं कुठे? राहायची खोली एकच. शेजारीण साखर मागायला यायची, मिक्सर घरघरायचा, कुणी ना कुणी फोनवर ओरडत असायचं. एका सकाळी ती कोपऱ्यावरच म्हणाली, "बाबा, मुलींच्या वसतिगृहात महिनाभराने जागा मोकळी होतेय. मी जाते तिकडे. इथे डोळ्याला डोळा लागत नाही."

गवंडी "बरं" म्हणाला आणि चालू लागला. संध्याकाळी घरी आल्या आल्या त्याने मागची अडगळ उपसायला घेतली. दोर, रिकामे डबे, फुटकी घमेली. आत निघाली ती खोली म्हणजे नुसतं नाव. लांबीला एक पलंग मावेल आणि शेजारून माणूस अंग चोरून जाईल, एवढीच.

बायकोचा भाऊ सुतार. तो येऊन माप घेऊन गेला. पलंग या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, खाली कपड्यांना कप्पे. मग गवंड्याने ओळंबा सोडला. उशाकडची भिंत वरून आत, खालून बाहेर. तशीच ठेवली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण आयुष्यभर लोकांच्या घरात ज्याने तिरपी भिंत खपवून घेतली नाही, तो आपल्या घरात काय खपवून घेणार? दिवसभर राबून आल्यावर तो पुन्हा माल कालवायचा, भिंतीवर चढवायचा, पट्टी ओढायचा, नाक भिंतीला लावून बघायचा. मग कितीतरी दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं.

भिंत वाळल्यावर लेकीने रंग आणला, गडद निळा.

"झोपायची खोली करतेस की विहीर?" आई म्हणाली.

"विहिरीत शांत तरी असतं."

सुतार पलंगाच्या पाट्या घेऊन आला, आणि लांबची पाटी भिंतीत अडली. दोन बोटं जास्त.

"दाजी," तो म्हणाला, "माप मी गिलाव्याच्या आधी घेतलं होतं. तुम्ही खोलीच बारीक केलीत."

"आधी गिलावा, मग माप, हे मला कुणी शिकवायला हवं का?"

"नको. पण विसरलात ना?"

"यांना भिंत दिसली की बाकी काही सुचत नाही," बायको म्हणाली. "लग्नात हॉलच्या भिंतीकडेच बघत होते."

सुतार पाटी कापायला निघाला. कापली तर सांधा कच्चा राहणार, पलंग करकरणार. रात्र जागून आलेल्या पोरीच्या कानाशी करकर. गवंड्याने त्याच्या हातातली करवत काढून घेतली आणि छिन्नी उचलली. जिच्यासाठी इतक्या संध्याकाळी घातल्या, त्याच भिंतीचा गिलावा पलंगाच्या उंचीपर्यंत त्याने खरवडून काढला, थेट विटेपर्यंत. कड मात्र त्याने पुन्हा सुतात घोटली.

पलंग बसला. हलवून पाहिला, आवाज नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, लेक तिथे झोपली आणि भर दुपारी लाल डोळे घेऊन बाहेर आली. "खोली छान झालीय, बाबा. पण खिडकीतून ऊन सरळ तोंडावर येतं." वसतिगृहाबद्दल ती काही बोलली नाही, आणि तेच गवंड्याला सलत राहिलं.

मजुरी पुढच्या शनिवारी मिळाली. तो तसाच, सिमेंटच्या हातांनी, कापडाच्या दुकानात शिरला. दुकानदार फुलाफुलांचं दाखवू लागला. गवंड्याने कापड दिव्यासमोर धरून पाहिलं आणि बाजूला सारलं. दुसरं, तिसरं. शेवटी एक जाडजूड सापडलं, तेही त्याने दुहेरी शिवून घेतलं आणि रात्रीच खिडकीला लावलं.

रविवारी दुपारी वसतिगृहातल्या बाईंचा फोन आला. आईने घेतला. "झोपलीय ती. नाही, उठवायची नाही. उठली की सांगेल."

लेक उठली तेव्हा बाहेर दिवे लागले होते. तिने फोन करून जागा सोडली. गवंड्याच्या त्या आठवड्याच्या घामाचा असा एक पडदा झाला.